कैरोतला दुकानदार भाव का सांगत नाही

इजिप्तचा विषय निघाला की आपल्याकडचे धंदेवाले दोन शेरे हमखास मारतात. एक, तिकडे बक्षीस दिल्याशिवाय फाइल हलत नाही. दोन, 'बुकरा, इन्शाल्ला' (उद्या, देवाची इच्छा असेल तर) म्हणून माणसं आजचं उद्यावर ढकलतात. मी कामानिमित्त कैरोत राहिलोय. पहिल्यात तथ्य आहे (आपण कुठल्या तोंडाने बोलतो ते सोडा). दुसरा शेरा मात्र आळशी आहे.

तौफिकिया हा तिथला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. 2023 च्या अखेरीस तिथे क्लचप्लेटचा भाव विचारला, तर दुकानदाराने आधी काचेच्या ग्लासात काळा चहा दिला, निम्मा साखरेनेच भरलेला. मग दोन फोन केले, तिसरा लागला नाही. शेवटी भाव सांगितला आणि वर म्हणाला, हा आजचा, उद्याचं उद्या बघू.

यात लबाडी किंवा चालढकल कुठे आहे? तेव्हा बँकेत डॉलर 31 इजिप्शियन पौंडांना होता, पण बँक तो देतच नव्हती. जानेवारी 2024 मध्ये काळ्या बाजारात तो सत्तरच्या आसपास गेला. माल सगळा बाहेरचा. जुन्या भावाने विकला तर त्याच पैशात तेवढा माल परत भरता येत नाही. 6 मार्च 2024 ला सरकारने पौंडाचा भाव बाजारावर मोकळा सोडला आणि एका दिवसात डॉलर पन्नाशीला टेकला. 2016 च्या नोव्हेंबरात हेच झालं होतं, तेव्हा नऊच्या आतला डॉलर काही आठवड्यांत दुप्पट झाला. एवढं बघितलेला माणूस पौंडात बचत ठेवेल? तो सोनं घेतो, फ्लॅट घेतो, मुलीच्या लग्नाचा फ्रिज चार वर्षं आधी घेऊन ठेवतो.

त्यात धंद्यात लष्कर उतरलेलं. पेट्रोल पंप, बाटलीबंद पाणी, सिमेंट, मॅकरोनीसुद्धा. वर करात सवलती. त्यांच्याशी खाजगी कारखानदार स्पर्धा करणार तरी कशी? माझ्या मते इजिप्तचं खरं दुखणं हे आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 2024 मध्ये कर्ज तीनवरून आठ अब्ज डॉलरवर नेलं, अमिरातीने इजिप्तच्या रास अल-हिकमा या किनाऱ्याच्या विकासासाठी 35 अब्जांचा करार केला. त्याने श्वास घ्यायला सवड मिळाली, एवढंच.

धोरणाची धरसोड म्हणाल तर नाशिककरांना वेगळं सांगायला नको. 2019 मध्ये आपल्याकडे कांदा भडकला तेव्हा केंद्राने इजिप्तहून मागवला होता. 2023 च्या ऑक्टोबरपासून इजिप्तने कांद्याची निर्यात बंद केली, डिसेंबरात आपणही केली.

आणि सर्वसामान्य माणूस? तो 'गमेय्या' लावतो. म्हणजे आपली भिशीच. दहा जण दरमहा हजार पौंड काढतात, दर महिन्याला एक जण दहा हजार उचलतो. कागद नाही, व्याज नाही, पैसे सांभाळणारी बहुधा ऑफिसातली एखादी वडीलधारी बाई. लग्न किंवा ऑपरेशन असेल त्याला पहिला नंबर, त्यावर कुणी कुरकुरत नाही. आता तर मोबाईल ॲपवरही गमेय्या चालतात. पण 2023 च्या सप्टेंबरात महागाई 38 टक्क्यांवर गेली, तेव्हा शेवटच्या नंबरवाल्याच्या हातात येणाऱ्या दहा हजारांत काय राहणार? आमच्या ऑफिसातल्या गमेय्यात शेवटचा नंबर घ्यायला कुणी तयार होईना. बरीच घासाघीस झाली. शेवटी अकाउंटंटने घेतला, पण त्याचा हप्ता बाकीच्यांपेक्षा कमी ठरवूनच.