शार्कवाल्या त्या मेसेजमधलं काय खरं, काय खोटं

आपल्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मामांनी पाठवला, चुलतभावानं पाठवला, शाळेतल्या मैत्रिणीनं पाठवला, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "तू तं त्याच्यातलीच ना, खरं हाय का हे?" ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शार्क म्हणजे माणसं खाणारा राक्षस, रक्ताचा एक थेंब त्याला पाच किलोमीटरवरून कळतो, पोहणं थांबलं की तो मरतो, त्याला कॅन्सर होत नाही म्हणून त्याच्या हाडांची पावडर खाल्ली की आपलाही कॅन्सर जातो, आणि शेवटी असा प्राणी संपला तरी कोणाचं काही बिघडत नाही, विदर्भातल्या माणसाला तर त्याच्याशी घेणंदेणंच नाही. मी समुद्री जीवशास्त्रात काम करते आणि ज्यांचं नावही कोणी घेत नाही असे छोटे शार्क हाच माझा विषय, म्हणून नीट उत्तर लिहितेय.

पावडरीचं आधी घेते, बाकीचं खोटं निदान कोणाचा जीव तरी घेत नाही. पहिली गोष्ट, शार्कच्या अंगात हाड नसतंच. त्याचा सगळा सांगाडा कूर्चेचा असतो, आपल्या कानाच्या वरच्या कडक भागात, नाकाच्या शेंड्यात असते तशी. दुसरी गोष्ट, शार्कला कॅन्सर होतो. शार्कच्या अंगातल्या गाठींच्या शास्त्रीय नोंदी आहेत, 2013 मध्ये तर ऑस्ट्रेलियाजवळच्या एका ग्रेट व्हाइट शार्कच्या तोंडात मोठी गाठ असल्याची नोंद छापून आली. मग हे सुरू कुठून झालं, तर कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि गाठ वाढायला रक्तवाहिन्या लागतात, म्हणून 1970-80 च्या दशकांत शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बघितलं की कूर्चेतला अर्क नवीन रक्तवाहिन्या वाढायला अडवतो का, आणि तिथं थोडा परिणाम दिसलाही. पण अर्क थेट गाठीजवळ ठेवणं वेगळं आणि पावडर खाणं वेगळं, पोटात गेली की ती पचते, गाठीपर्यंत जाणार कशी? तरीही पेशंटवर रीतसर चाचण्या झाल्या. 2005 मध्ये स्तनाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटवरच्या चाचणीचा निकाल आला, अर्ध्यांना कूर्चेची पावडर आणि अर्ध्यांना नुसतीच तशी दिसणारी पावडर दिली होती, फायदा काहीच नाही. 2007 मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या साडेतीनशेहून जास्त पेशंटवरच्या चाचणीचा निकाल आला, नेहमीच्या उपचारासोबत कूर्चेचा अर्क देऊन, तिथंही पेशंट जास्त जगले नाहीत.

आपल्याकडे तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी तोंडाचे कॅन्सर किती आहेत हे मी सांगायची गरज नाही, प्रत्येक गावात कोणी ना कोणी आहे. अशा घरात हा मेसेज पोचला की माणूस हॉस्पिटल सोडून डब्यामागं लागतो, कारण नागपूरला जायचं म्हणजे मजुरी बुडते, भाडं लागतं, सोबत एक माणूस लागतो. मला ते सगळं समजतं. पण तोंडाचा कॅन्सर लवकर पकडला तर बरा व्हायची शक्यता खूप असते आणि पावडरीत गेलेले महिने परत येत नाहीत. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, आधी तिथं दाखवा. तोंडात पांढरा चट्टा असेल, जखम भरत नसेल, तोंड पूर्ण उघडत नसेल तर पुढच्या हप्त्यावर ढकलू नका.

आता नरभक्षकाचं. जगात शार्कच्या 500 हून जास्त जाती आहेत आणि माणसाला गंभीर इजा करण्याच्या बहुतेक नोंदी त्यातल्या मोजक्याच जातींच्या नावावर, ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल. शार्कनं स्वतःहून माणसाला चावल्याच्या घटना सगळ्या जगात मिळून वर्षाला साधारण साठ-सत्तर, त्यात मरणारे बहुतेक वर्षी दहाच्या आत. आपल्या एकट्या देशात साप चावून वर्षाला सरासरी 58 हजार लोकं मरतात असा 2020 च्या अभ्यासाचा अंदाज आहे. तरी वावरात धामण दिसली की कोणी तिला नाग समजून काठी घालतो, पऱ्हाटीतले उंदीर खाणारी ती बिचारी फुकट मरते. शार्कचं अगदी तसंच झालंय, तिघाचौघांच्या नावावर पाचशे बदनाम.

आणि ते पाचशे कोण, हे कोणी सांगतच नाही म्हणून मला राग येतो. कोलंबिया-व्हेनेझुएलाजवळच्या खोल समुद्रात एक लँटर्न शार्क आहे, पूर्ण वाढलेला वीतभर, आणि त्याचं पोट अंधारात चमकतं. अमेरिकेकडच्या बॉनेटहेड शार्कवरचा 2018 चा अभ्यास सांगतो की तो समुद्रातलं गवत नुसतं गिळत नाही तर पचवतो. एपॉलेट शार्क ओहोटीच्या डबक्यांत परांवर अक्षरशः चालतो, पाण्यात ऑक्सिजन जवळपास संपला तरी काही वेळ तग धरतो. आणि आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची मुशी, कोकणात काही ठिकाणी मोरी म्हणतात, बाजारात खूप येणारा स्पेडनोज शार्क तो हाच. जास्तीत जास्त दोन-अडीच फुटांचा. याचं अंडं फक्त एक मिलिमीटरचं, त्यात पिल्लासाठी जवळपास काहीच साठा नसतो, म्हणून आईच्या पोटात नाळ तयार होते आणि पिल्लाला त्यातून सगळं मिळतं. माशांमधली ही सगळ्यात पुढारलेली नाळ मानतात. बंदरावर बर्फात पडलेली मुशी बघून कोणाला वाटेल का हे? मला तर दरवेळी ती उचलून शेजारच्या माणसाला सांगावंसं वाटतं.

रक्ताच्या थेंबाचं म्हणाल तर शार्कचं नाक तेज आहे, पण वास पाण्यासोबत वाहत त्याच्यापर्यंत यावा लागतो, त्यामुळं प्रवाह जुळला तर काहीशे मीटर, पाच किलोमीटर नाही. आणि व्हेल शार्कसारखा 12 मीटरचा प्राणी खातो प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, आणि छोटे मासे, रक्ताचं तो करणार काय.

पोहणं थांबलं की मरतो, हे ग्रेट व्हाइट, माको अशा काहींना लागू पडतं, सगळ्यांना नाही. बांबू शार्क, नर्स शार्क तळाशी आरामात पडून असतात, गालाच्या स्नायूंनी पाणी कल्ल्यांवर ओढतात. युजेनी क्लार्क या शास्त्रज्ञ बाईंनी 1970 च्या दशकात मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेसजवळ पाण्याखालच्या गुहांत उतरून, जे शार्क थांबूच शकत नाहीत असं मानायचे तेच तिथं निवांत पडलेले बघितले.

संपले तर काय बिघडतं? मुशीवर आपल्या किनाऱ्यावरच्या कित्येक कोळी घरांचं पोट आहे, त्यांचं बिघडतं. खुल्या समुद्रातले शार्क आणि त्यांच्या जातकुळीतले पाकट मासे 1970 पासून पन्नासेक वर्षांत 71 टक्के कमी झाले, हा 2021 चा अभ्यास आहे. हे पटकन भरून निघत नाही, कारण बहुतेक शार्क उशिरा वयात येतात आणि पिल्लं थोडी देतात. ग्रीनलँड शार्कची मादी तर साधारण 150 वर्षांची झाल्यावर वयात येते असा अंदाज आहे. आपल्याकडे 2001 मध्ये व्हेल शार्क आणि गंगा शार्कला वाघाच्या बरोबरीचं कायद्याचं संरक्षण मिळालं, 2015 मध्ये शार्कच्या परांची निर्यातही बंद झाली. तो गंगा शार्क इतका दुर्मिळ की 2016 मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर एक मादी दिसली ती दहाहून जास्त वर्षांतली पहिली नोंद.

राहिलं विदर्भाचं. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे, त्याच्या नावानं ओळखले जाणारे ज्युरासिक काळातले दगडाचे थर प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पसरलेत, आणि त्या थरांत हायबोडोंट माशांचे बारीक दात सापडलेत. हायबोडोंट म्हणजे शार्कचे जवळचे नातेवाईक, आता नामशेष झालेले, आणि हे गोड्या पाण्यात राहणारे होते. म्हणजे समुद्र नसतानाही इथं शार्कची भावकी नांदत होती. आणि आजचं म्हणाल तर मासे शिकायला मुंबईलाच जावं लागतं असंही नाही, नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. तुमच्या घरी बारावी सायन्सची पोरगी असेल आणि तिला याची आवड असेल तर "आपल्याकडे कुठं समुद्र हाय बाई" म्हणून तिला अडवू नका, माझा नंबर द्या, मी बोलते तिच्याशी.