‘कार्ड बंद करा, हा सल्ला कसला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. फोटोशॉपमध्ये झूम करताना काळे चौकोन दिसणं, ब्रश अडखळणं अशा तक्रारींवरच्या लेखात मी परफॉर्मन्स प्रेफरन्सेसमधली ‘यूज ग्राफिक्स प्रोसेसर’वरची खूण काढून बघा, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सांभाळणारं ग्राफिक्स कार्ड फोटोशॉपपुरतं बंद ठेवून बघा, असं लिहिलं होतं. तुम्ही ती काढली. चौकोन गेले, पण कॅनव्हास फिरवता येईना आणि ऑइल पेंट फिल्टर चालेना. तुमचं म्हणणं असं की पैसे मोजून घेतलेलं कार्ड बंदच ठेवायचं असेल तर घ्यायचं कशाला. ‘ड्रायव्हर (कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) अपडेट करा’ हे एक वाक्य पुरलं असतं. खोक्यावर डायरेक्टएक्स १२ (विंडोजमधले प्रोग्राम कार्डाशी ज्यातून बोलतात ती व्यवस्था) छापलंय म्हणजे कार्डात खोट नाही. आणि फोटोशॉप ७ वर लग्नांचे इतके अल्बम केले तेव्हा ही भानगडच नव्हती, असंही तुम्ही लिहिलंय.

आधी चूक कबूल करतो. घरातला मेन सारखा पडायला लागला की वायरमन एकेक बटण बंद करून बघतो, दोष कुठल्या लाइनवर आहे ते कळलं की बाकीची बटणं पुन्हा चालू करतो. मी बटण बंद करायला सांगितलं आणि चालू करायला सांगायचं राहूनच गेलं. खूण काढायची, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडायचं, त्रास तसाच राहिला तर कार्डाला मोकळं सोडायचं आणि दोष दुसरीकडे शोधायचा. त्रास गेला तर दोष कार्डात, ड्रायव्हरमध्ये किंवा कार्डापासून स्क्रीनपर्यंतच्या वाटेवर आहे. मग खूण परत घालून पुढचं काम. कॅनव्हास फिरवणं आणि ऑइल पेंट कार्डाशिवाय चालतच नाहीत, त्यामुळे तुमच्याकडे झालं ते अपेक्षितच होतं. लेखात तसं लिहायला हवं होतं, आता भर घातली आहे.

पण ‘ड्रायव्हर अपडेट करा’ हे एक वाक्य मी लिहिणार नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत, सकाळी अल्बम द्यायचा असताना, रात्री अकराला मला हौस आली नवीन ड्रायव्हर टाकायची. बाराला कर्सरमागे ब्रशचे तुकडे रेंगाळायला लागले. मी दोन वाजेपर्यंत फोटोशॉपला शिव्या घातल्या. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबलं आणि दहा मिनिटांत कामाला लागलो. तेव्हापासून पहिला प्रश्न स्वतःला हाच विचारतो: हे कालपर्यंत चालत होतं का, आणि मध्ये काय बदललं? आधी नीट चालत होतं आणि अपडेटनंतर बिघडलं तर मागे जायचं. कधीच नीट चाललं नसेल तर पुढे, तेही कार्ड बनवणाऱ्याच्याच साइटवरून. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर २०१९ पासून गेम रेडी आणि स्टुडिओ असे दोन वेगळे ड्रायव्हर मिळतात. आपल्यासारख्यांनी स्टुडिओवाला घ्यावा, तो फोटो-व्हिडिओच्या सॉफ्टवेअरवर तपासून दिलेला असतो.

आता खोक्याबद्दल. कार्डाचं नाव तुम्ही दिलं नाहीत, त्यामुळे उदाहरण देतो. एनव्हिडियाचं जीटी ७१० हे कार्ड २०१६ मध्ये आलं आणि स्वस्त म्हणून छोट्या स्टुडिओंत भरपूर बसलं. त्याच्या खोक्यावरही डायरेक्टएक्स १२ आहे, आणि ते खोटं नाही. पण त्याची बांधणी जुन्या केप्लर पिढीची. त्यात डायरेक्टएक्स १२ चालतं ते ११_० या फीचर लेव्हलपर्यंतच, म्हणजे कार्डाला प्रत्यक्षात किती जमतं त्या पायरीपर्यंतच, आणि फोटोशॉपच्या अलीकडच्या आवृत्त्या किमान १२_० मागतात. वर केप्लरच्या डेस्कटॉप कार्डांसाठी नवे गेम रेडी ड्रायव्हर येणं २०२१ मध्येच थांबलं. मग अपडेट करणार काय, कपाळ? तुमचं कार्ड कुठे बसतं ते बघायला कीबोर्डवर विंडोज आणि आर एकत्र दाबून ‘डीएक्सडायग’ इंग्रजीत (dxdiag) टाइप करा, डिस्प्लेच्या पानावर फीचर लेव्हल्सची ओळ वाचा. तिथे १२_० नसेल तर खूण काढूनच काम करा किंवा कार्ड बदला. त्याला तिसरा उपाय माझ्याकडे नाही. नव्या आवृत्त्यांत हेल्प मेनूत ‘जीपीयू कम्पॅटिबिलिटी’ आहे, तेही बघा.

फोटोशॉप ७ चं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. २००२ ची ती आवृत्ती, सगळं काम प्रोसेसरच करायचा. कार्डाला कामाला लावलं ते २००८ च्या सीएस४ ने, तेही आधी झूम आणि कॅनव्हास फिरवण्यासारख्या दाखवण्याच्या कामाला. २०१२ च्या सीएस६ पासून लिक्विफायसारखी जड कामं त्याच्यावर आली. कार्ड मधे आलं म्हणून भांडण आलं, आणि वेगही आला.

मात्र सगळी पापं कार्डाच्या माथी मारू नका. लग्नाच्या करिज्मा अल्बमचं बारा बाय छत्तीस इंचांचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) उघडलंत की १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल होतात, म्हणजे पूर्ण भरलेल्या एकेका लेयरला ११ कोटी ६६ लाख बाइट. असे वीस लेयर टाकून ‘स्क्रॅच डिस्क फुल’ (फोटोशॉप तात्पुरत्या कामासाठी वापरतं ती डिस्कवरची जागा भरली) असं आलं तर त्यात कार्डाचा काही संबंध नाही. सी ड्राइव्हवर थोडी जागा मोकळी करा. अशा वेळी कुणी ‘फॉरमॅट मारू या’ म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

तुम्ही डेस्कटॉप वापरता म्हणालात म्हणून एक वेडगळ वाटणारी गोष्ट विचारतो. मॉनिटरची केबल नक्की कार्डातच आहे ना? सीपीयूच्या डब्याच्या मागे वर मदरबोर्डचे (आतल्या मुख्य पाटीचे) पोर्ट असतात, खाली आडव्या पट्टीत कार्डाचे. साफसफाई करताना केबल काढली आणि परत लावताना वरच्या पोर्टात खुपसली, असं मी स्वतः तीन स्टुडिओंत पाहिलंय. चित्र दिसतं, त्यामुळे संशय येत नाही आणि कार्ड आत नुसतं गरम होत बसतं. लॅपटॉपवाल्यांनी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्समध्ये जाऊन फोटोशॉपला ‘हाय परफॉर्मन्स’ दिलंय का ते बघावं.

एवढं करूनही चौकोन दिसले तर हेल्पमधली ‘सिस्टम इन्फो’ कॉपी करून इथे टाका. त्यात लायसन्सची माहिती असते, ती ओळ खोडून टाका. आणि कार्डाचं नाव लिहा, या वेळी नक्की. मी रात्री जेवणानंतर बघतो. पण केबल मात्र आत्ताच जाऊन बघा.