‘जर्मन गाडीचं खूळ’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. उत्तर तिथेच खाली लिहायला घेतलं होतं पण ते वाढतच गेलं म्हणून वेगळं टाकतोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी आमच्या ग्रुपमधल्यांच्या जर्मन गाड्यांच्या आठवणी दिल्या होत्या, कुणाची ऑपेल अ‍ॅस्ट्रा, कुणाच्या वडिलांची पुण्यात बनलेली मर्सिडीज ई 220, आणि शेवटी माझी फोक्सवॅगनची पोलो. त्यावर दादांचं म्हणणं असं की हा सगळा श्रीमंतीचा दिखावा आहे, आठवणींचा मुलामा दिलाय इतकंच. चाकणला बनलेली गाडी जर्मन कसली, मागच्या सीटवर माणूस बसत नाही, सर्व्हिसिंगचं बिल बघून घाम फुटतो, आणि डिझेलगेटबद्दल, म्हणजे फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या प्रदूषण घोटाळ्याबद्दल, एक ओळ नाही. शेवटी लिहिलंय की भाचा लेख वाचून सेकंडहँड पोलोच्या मागे लागलाय, आता त्याला काय सांगू? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला कारण त्यात खरे पैसे जाणार आहेत, त्यामुळे तो सविस्तर शेवटी घेतो.

आधी दिखावा. औरंगाबादला 2010 मध्ये एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या, 65 कोटींचा व्यवहार, हे उदाहरण तुम्ही दिलंत. त्यात मला तरी वावगं काही दिसत नाही, तिथल्या उद्योजकांना देशभर आपल्या शहराचं नाव गाजवायचं होतं आणि ते गाजलं. पण दादा, पोलोचा त्याच्याशी काय संबंध? पोलो सोसायटीत आणून उभी केली तर कोण वळून बघतं? तेवढ्याच पैशात उंच, मोठी दिसणारी, भलामोठा स्क्रीन असलेली गाडी येते आणि ज्याला दाखवायचंय तो तीच घेतो, आणि खुशाल घ्यावी. मी पोलो घेतली ती सेकंडहँड, कर्ज काढून, आणि ती आवडते ती तिच्यात जे दिसत नाही त्यासाठी. या गाडीवर पैसा खर्च झालाय तो शोरूममध्ये गिऱ्हाईक जिथे बघतच नाही तिथे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं पुढे त्याच्याच आधारे लिहितो.

2014 च्या जानेवारीत ग्लोबल एनसीएपी या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटरला धडकवून बघितल्या. पाचही गाड्यांना शून्य स्टार, पोलोलासुद्धा शून्यच, कारण टेस्टला घेतलेलं मॉडेल बिनएअरबॅगचं होतं. पेपरात तेवढीच बातमी आली आणि लोक ‘बघा तुमची जर्मन गाडी’ म्हणायला लागले. पण रिपोर्ट पुढे वाचला तर दिसतं की पोलो आणि फोर्डची फिगो या दोघींचं स्ट्रक्चर (गाडीचा सांगाडा) टिकून राहिलं होतं, बाकी तिघींचं नाही. मग एअरबॅगवाली पोलो धडकवली तर तिला 4 स्टार मिळाले आणि कंपनीने बिनएअरबॅगचं मॉडेलच बंद केलं. आता एअरबॅग कंपनीला नंतरही देता येतात, पण स्ट्रक्चर पहिल्या दिवशी ड्रॉइंगवर ठरतं. कुठल्या कोपऱ्यात किती ताकदीचा पत्रा घालायचा हे ठरवणाऱ्याला पक्कं माहीत असतं की गिऱ्हाईक हे कधी विचारणार नाही, तो विचारणार म्युझिक सिस्टीमला ब्लूटूथ आहे का, आणि तरीही त्याने तिथे पैसा घातला. मला याचं मनापासून कौतुक आहे, आणि बिनएअरबॅगची गाडी मुळात विकायलाच नको होती हेही तितकंच मनापासून वाटतं.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याचंही तसंच, आतून गंजून भोक पडलं तर 6 वर्षांची वॉरंटी होती. पुण्यात बसून याचं महत्त्व कळत नाही, गाव रत्नागिरी-मालवणकडे असेल त्याला विचारा, खारा वारा दाराच्या खालच्या कडेचं काय करतो ते.

आणि चालवताना काय फरक पडतो म्हणाल तर आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना कळतो. पावसाळा संपत आलेला असतो, रस्ता ओला, आणि एखाद्या वळणाच्या बरोब्बर मध्यावर, जिथे गाडीचं सगळं वजन बाहेरच्या दोन चाकांवर आलेलं असतं, तिथे कडा तुटलेला खड्डा येतो. अशा वेळी पोलो एकदाच धप् करते, स्टिअरिंगला एक हलका झटका हाताला कळतो, आणि गाडी होती त्याच रेषेत पुढे जाते. दुसरी उसळी नाही, मागचा भाग बाहेर सरकणं नाही, सोडून दिलेलं वळण परत पकडायला लागत नाही. तुम्हाला वाटत असेल जर्मन गाडीवाले म्हणजे एक्सप्रेसवेवर 150 ने पळणारे, पण मी शंभराच्या मर्यादेतच चालवतो आणि मला ही गाडी शंभरलाच आवडते, शेजारून मोठी बस वारा कापत गेली तरी हात स्टिअरिंगवर सैल ठेवता येतात. पुण्याहून रत्नागिरीला पोचल्यावर खांदे दुखत नाहीत, आणि आई पुढच्या सीटवर निवांत झोपलेली असते.

हो, पुढच्या सीटवर. मागची सीट छोटीच आहे, त्याबद्दल वाद नाही. तीन मोठी माणसं मागे बसून लांबचा प्रवास करणार असतील तर पोलो घेऊच नका, मी ग्रुपमधल्यांनाही हेच सांगतो. ही गाडी मुळात युरोपातल्या छोट्या कुटुंबासाठी आखलेली, 2010 ला तिकडे कार ऑफ द इयर झाली, त्याच वर्षी वर्ल्ड कार ऑफ द इयरही. आपल्याकडे घरचे सगळे मिळून लग्नाला जातात, तिला तो हिशोब माहीतच नव्हता. आणि युरोपात 2017 ला नवी पोलो आल्यावरही आपल्याकडे 2022 पर्यंत जुनीच विकली हा तुमचा राग मलाही आहे.

आता चाकण. 31 मार्च 2009 ला त्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरपासून तिथे पोलो बनायला लागली. पत्रा दाबायच्या प्रेस शॉपपासून बॉडी, पेंट, असेंब्ली सगळं एकाच आवारात. इथे बनलेली व्हेंटो, पोलोची डिकीवाली बहीण, डाव्या बाजूला स्टिअरिंग लावून मेक्सिकोला जायची. खेड, जुन्नर, आंबेगावची आयटीआय झालेली पोरं त्या लाइनवर उभी राहिली, त्यांनी जोडलेल्या दाराची फट आणि जर्मनीत जोडलेल्या दाराची फट एकाच मापाने तपासली जाते, मग चाकण हा शब्द असा हेटाळणीच्या सुरात का यावा दादा? ई 220 पण 1995 पासून आपल्या पिंपरीत टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारातच जोडली जात होती आणि त्यातल्या काही आजही पुण्यात रस्त्यावर दिसतात. डिझाइन आणि मापं तिकडची, हात आपले. उलट मला याचाच जास्त अभिमान वाटतो.

मेंटेनन्सवर तुमचं निम्मं बरोबर आहे. पार्ट महाग आहेत आणि कुठेही मिळत नाहीत. साधं पंक्चर घ्या. आपल्या बहुतेक गाड्यांना हबवर स्टड असतात, चाक त्यावर अडकवायचं आणि नट फिरवायचे. पोलोला नट नाहीत, सुटे बोल्ट आहेत, आणि बोल्टच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या टोप्या ज्या काढायला टूलकिटमध्ये एक छोटा हूक असतो. साखरप्याच्या पुढे एका पंक्चरवाल्याकडे हे घडलेलं सांगतो. त्याने टोप्यांवरच पाना घातला, मी थांबवून हूक दिला, मग बोल्ट निघाले पण चाक परत लावताना अडकवायला काही नाही, एका हाताने चाक उचलून धरायचं, हबचं भोक आणि रिमचं भोक समोरासमोर आणायचं आणि दुसऱ्या हाताने बोल्ट घालायचा. तो वैतागला, मग त्याने शांतपणे चाकाखाली पायाचा चवडा घातला, चाक बोटाएवढं वर केलं आणि पहिला बोल्ट हातानेच फिरवून बसवला, बाकीचे भराभर. अशी गाडी घेतली की मालकाला गाडीबद्दल चार गोष्टी शिकाव्याच लागतात. मला ते आवडतं, प्रत्येकाला आवडेलच असं नाही आणि आवडायलाच पाहिजे असंही नाही.

पण घाम फोडणारी बिलं नेहमी गाडीमुळेच येतात असं नाही. एका वर्कशॉपने मला वॉर्निंग लाइट आली म्हणून अख्खी असेंब्ली बदलायला सांगितली होती, आकडा ऐकून मी गाडी तशीच परत आणली. भोसरीच्या माझ्या मेकॅनिकने लॅपटॉपला व्हीसीडीएस (फोक्सवॅगन गाड्यांमधला बिघाड वाचणारी केबल आणि सॉफ्टवेअर) लावून फॉल्ट कोड वाचला, एका सेन्सरचा कनेक्टर काढून साफ केला, परत लावला, लाइट गेली ती आजतागायत आली नाही. सर्व्हिस 15 हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, इंजिन ऑइल फोक्सवॅगनच्या 502 00 ग्रेडचंच घालायचं, तिथे शंभर-दोनशे वाचवायला गेलात तर टर्बो वसूल करतो. एवढं पाळलं की वर्षाचा खर्च इतर गाड्यांपेक्षा जास्तच येतो, पण कर्ज काढावं लागेल इतका नाही.

आणि आता डिझेलगेट. आधीचा लेख आठवणींचा होता त्यामुळे तो विषय तिथे नव्हता, पण तुम्ही काढलात ते चांगलं केलंत. माझी गाडी पेट्रोल आहे म्हणून मी अंग काढून घेणार नाही. 18 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोटीस काढली आणि कळलं की गाडी टेस्टच्या रोलरवर आहे की रस्त्यावर हे सॉफ्टवेअर ओळखतं, टेस्ट चालू असताना धूर स्वच्छ सोडतं आणि रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड वाट्टेल तसे. जगभरात 1 कोटी 10 लाख गाड्या. आपल्याकडे फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी मिळून 3 लाख 23 हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या, 1.2 डिझेलवाली पोलोही त्यात आली. पुण्यातल्याच एआरएआय या वाहन तपासणी संस्थेने रस्त्यावर मोजलं तेव्हा प्रदूषण बीएस-4 या तेव्हाच्या सरकारी मर्यादेच्या 1.1 ते 2.6 पट निघालं. 2019 ला एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवाद) 500 कोटींचा दंड ठोठावला, त्यावर सुप्रीम कोर्टाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

मला याचा संताप का येतो ते सांगतो. मी वर एवढं लिहिलं की या लोकांनी जिथे कुणी बघत नाही तिथे पैसा घातला, पत्र्यात, वेल्डिंगमध्ये. आणि त्याच लोकांनी जिथे कुणी बघत नाही तिथेच फसवलं. एक्झॉस्टमधून काय बाहेर पडतं ते गिऱ्हाईकाला दिसत नाही, ते फक्त कंपनीच्या शब्दावर चालतं. गाडीचं काम उत्तम होतं म्हणून हा गुन्हा माझ्या लेखी कमी होत नाही, जास्तच होतो. ज्यांना जमत नव्हतं त्यांनी नाही केलं हे, ज्यांना सगळं जमत होतं त्यांनी केलं. सिंहगड रोडला सिग्नलवर उभ्या पोराच्या छातीत तो धूर गेला आणि त्याने तर गाडी घेतलीही नव्हती. मला आंबा घाटातली पोलो आवडते आणि हे मी विसरत नाही, दोन्ही एकदम खरं आहे आणि त्यातलं एक खोडून दुसरं राखायची मला गरज वाटत नाही.

आता भाचा. तो एकटा किंवा दोघं चालवणार असतील, वर्षातून काही वेळा गावी जाणार असतील तर घेऊ द्या. 2020 ते 2022 मधली 1.0 टीएसआय (टर्बो पेट्रोल) मॅन्युअल मिळाली तर पहिली पसंती तिला, 110 पीएस, 175 न्यूटन मीटर, सहा गिअर, आणि डिझेलचा सगळा प्रश्नच मिटतो. ऑटोमॅटिकच हवी असेल तर तेव्हाची टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) बघा. त्याआधीच्या जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) येतो, हायवेवर त्याच्यासारखं सुख नाही पण त्याचे क्लच कोरडे आहेत, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज इंच इंच सरकवत नेलेली गाडी असेल तर क्लच आणि मेकॅट्रॉनिकचा (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) खर्च तो घेणाऱ्याच्या गळ्यात येतो. 1.2 आणि 1.0 चं साधं, बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन घाटात दमतं, पण शहरातच फिरायचं असेल तर यंत्र सोपं आहे आणि गाडी स्वस्तात मिळते. सुरुवातीला थोडे दिवस मिळालेली 1.6 पेट्रोल कुणी विकत असेल तर मला आधी सांगा!

बघायला जाताना गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करायला लावा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर निघून या. डीएसजी असेल तर चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर जाणवते का ते थंड आणि गरम दोन्ही वेळा बघा. सर्व्हिसची बिलं मागा, नुसते शिक्के नकोत, ऑइलचा ग्रेड बिलावर लिहिलेला असतो. पुराच्या पाण्यात गेलेली गाडी असेल तर पुढच्या सीटखालचं कार्पेट उचलून वायरिंगचे कनेक्टर बघा, हिरवट बुरशी दिसली की सौदा संपला. आणि व्हीसीडीएसने स्कॅन केल्याशिवाय टोकन देऊ नका. पुण्यात कुठे गाडी बघणार असाल तर खाली लिहा, रविवारी मी केबल आणि लॅपटॉप घेऊन येतो.