गिझरचं कटआउट ‘डायरेक्ट’ करू नका

थंडी सुरू झाली की सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. गिझर बिघडला तर मेकॅनिकला पैसे देऊ नका, हे उपाय घरीच करा, असं त्यात म्हटलेलं असतं. कटआउट (गिझर जास्त तापला की वीज तोडणारा भाग) सारखं उडतंय? त्याच्या दोन्ही वायरी एकत्र जोडा. सेफ्टी व्हॉल्व्ह टपकतोय? त्याचं तोंड प्लग मारून बंद करा. आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होतोय? तो काढून साधा एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) लावा. क्षार साचलेत? टाकीत बाथरूमचं ॲसिड ओता. आणि वीज वाचवायची असेल तर गिझर बंदच करू नका.

मी गिझर दुरुस्तीचं काम करतो. यातले पहिले दोन उपाय एकाच गिझरवर झाले तर घरातल्या माणसांच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून हे लिहितोय.

मेसेजमधलं एक मात्र खरं आहे, प्रत्येक वेळी मेकॅनिक लागत नाही. एमसीबी पडलाय का, पिन काळी पडून सैल झालीय का, गिझर 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर तर लावलेला नाही ना, हे कुणालाही बघता येतं. 2 किलोवॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो, त्याला 16 अँपिअरचंच सॉकेट हवं. मल्टिमीटर वापरता येत असेल तर मेन बंद करून, कॉइलच्या (पाणी तापवणाऱ्या एलिमेंटच्या) वायरी सोडवून तिचा रेझिस्टन्स मोजा. 2 किलोवॅटच्या कॉइलला साधारण 26 ओहम दिसले पाहिजेत. आकडाच न येता मीटरवर OL दिसत असेल तर कॉइल तुटली.

आता कटआउट. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की वीज तोडणं हे थर्मोस्टॅटचं काम. त्याचे पॉइंट चिकटले आणि वीज तुटलीच नाही, तर शेवटचा अडसर म्हणून कटआउट उडतं. म्हणजे ते उडणं हा बिघाड नाही, बिघाड दुसरीकडे आहे: थर्मोस्टॅट चिकटलाय, कॉइलवर क्षारांचा थर चढलाय, किंवा गच्चीवरची टाकी संपलेली असताना गिझर कोरडाच तापलाय. कारण न शोधता वायरी जोडल्या की कॉइलला थांबवणारं काही उरत नाही.

व्हॉल्व्हचा उपाय तर याहून घातक. पाणी तापलं की फुगतं. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 65 अंशांवर नेलं की ते जवळपास पाव लिटरने वाढतं. गिझरमध्ये येणाऱ्या नळीवरचा व्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नाही, मग हे जादा पाणी जाणार कुठे? ते थेंबाथेंबाने बाहेर सोडण्यासाठीच त्या व्हॉल्व्हला तोंड ठेवलेलं असतं. पाणी तापताना टपकणं म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत आहे. गिझर बंद आणि गार असतानाही टपकत असेल, तर बहुधा आत कचरा अडकलाय किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे. नुसत्या गच्चीवरच्या टाकीने इतका दाब येत नाही, दहा मीटर उंचीला फक्त 1 बार. अशा वेळी व्हॉल्व्ह साफ करा, नाहीतर बदला. तोंड बंद केलं आणि वर कटआउटही डायरेक्ट असेल, तर दाबाखालचं पाणी 100 अंशांच्या पुढे जातं. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि एका लिटर पाण्याची सुमारे 1,600 लिटर वाफ होते. बाथरूमची भिंतसुद्धा हे सोसत नाही.

आरसीसीबीबद्दल लोकांचा गैरसमज मोठा आहे. एमसीबी तारा वाचवतो, माणसाला नाही. घरगुती आरसीसीबी 30 मिलीअँपिअर गळतीला ट्रिप होतो, 16 अँपिअरच्या एमसीबीला तेवढी गळती कळतसुद्धा नाही. कॉइलच्या नळीला चीर गेली की वीज पाण्यात उतरते, अर्थिंग धड नसेल तर ती नळापर्यंत येते आणि तिथे ओल्या अंगाने माणूस उभा असतो. उन्हाळाभर बंद असलेला गिझर पहिल्यांदा लावताना आरसीसीबी ट्रिप झाला, तर कॉइलच्या आतल्या, वीज अडवणाऱ्या भुकटीने ओल धरलेली असू शकते. तरीही कॉइल काढून तपासूनच घ्या. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांनी अर्थिंग अजून तपासून घेतलं नसेल तर आधी ते करा.

चोवीस तास चालू ठेवण्याचा हिशेब सोपा आहे. 15 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला साधारण 0.7 युनिट लागतं, 2 किलोवॅटच्या गिझरला वीस-बावीस मिनिटं. टाकी जितका वेळ गरम राहील तितकी उष्णता बाहेर जात राहते आणि ती भरून काढायला पुन्हा वीज लागते. अंघोळीआधी अर्धा तास लावणं स्वस्तच पडतं.

आणि ॲसिड. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे बोअरच्या पाण्याने कॉइलवर पांढरा थर चढतो, ही तक्रार खरी आहे. पण बाथरूमचं ॲसिड क्षारांबरोबर तांब्याची कॉइल, टाकीचे जोड आणि टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉडही खातं. मॅग्नेशियमशी त्याची क्रिया झाली की पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. वीज तोडून, टाकी रिकामी करून कॉइल बाहेर काढायची आणि कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून भिजत ठेवायची, वायरी जोडतो तो भाग कोरडा ठेवून. टाकीच्या आत काचेचा मुलामा असेल तर लोखंडी पट्टीने खरवडू नका. बसवताना गॅस्केट नवीन घाला. कॉइल काढलीच आहे तर मॅग्नेशियमचा रॉडही बघून घ्या. तो झिजून आतली तार दिसायला लागली असेल तर त्याच वेळी बदला. बोअरचं पाणी असेल तर हे दरवर्षी हिवाळ्याआधी करावं.