‘यूटीसीत साठवा, साडेपाच तास मिळवा, विषय संपला’? कुठला संपतोय!

आपल्या डेव्हलपर मंडळींत हा सल्ला सतत फिरत असतो: “भारतात डेलाइट सेव्हिंग नाही. सगळ्या वेळा यूटीसीत साठवा, दाखवताना साडेपाच तास मिळवा.” (यूटीसी म्हणजे जगभरची प्रमाण वेळ, भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे; डेलाइट सेव्हिंग म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करणं.) एकेक तुकडा घेऊ.

“सगळ्या वेळा यूटीसीत.” घडून गेलेल्या गोष्टी, म्हणजे लॉग, पेमेंट वगैरे, खुशाल ठेवा. घोळ होतो तो पुढच्या वेळांचा. समजा, पुण्यातल्या टीमची न्यूयॉर्कशी दर सोमवारी तिकडच्या सकाळी ८ला मीटिंग आहे. जानेवारीत ती यूटीसी १३:०० म्हणून साठवली; आपले संध्याकाळचे साडेसहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे जातात. साठवलेलं १३:०० मात्र तसंच राहतं, म्हणून न्यूयॉर्कवाले ८ला येऊन बसतात आणि आपण उगवतो त्यांच्या ९ला. त्यात कोणी लंडनचा असेल तर विचारूच नका, कारण तिकडे हा बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो. इथे साठवायचं ते ‘सकाळी ८’ आणि झोनचं नाव ‘अमेरिका/न्यूयॉर्क’.

“मग ऑफसेट साठवू.” ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, आजचा असतो; तो ठरवणारे नियम सरकारच्या हातात. २०२३च्या मार्चमध्ये लेबनॉन सरकारने घड्याळं पुढे करणं ऐन वेळी लांबणीवर टाकलं, काहींनी ते जुमानलं नाही, देशात एकाच वेळी दोन वेगवेगळ्या वेळा चालू झाल्या आणि काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला.

“तारखांनाही हाच नियम.” जन्मतारीख १५ ऑगस्ट, भारतीय वेळेनुसार मध्यरात्र धरून यूटीसीत टाकली, की होते १४ ऑगस्ट १८:३०. रिपोर्टात नुसती तारीख छापली की माणूस एक दिवसाने मोठा! ती नुसती तारीख म्हणूनच ठेवा.

“आपल्याकडे कायम साडेपाचच.” दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, आपली घड्याळं यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. त्या काळात जन्मलेल्या आजोबांची पत्रिका साडेपाच धरून काढली तर लग्नरासच बदलू शकते. पत्रिकेवर विश्वास असो नसो, गणित तरी बरोबर हवं. संगणक जगभरच्या वेळांचे नियम ज्यातून घेतात, त्या टाइमझोन डेटाबेसातल्या ‘एशिया/कोलकाता’त ही नोंद आहे, हाताने साडेपाच मिळवणाऱ्या कोडला ती कळणार कशी? मुंबईत पूर्वी चालणारा, भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागचा ‘बॉम्बे टाइम’ मात्र त्या नोंदीतही नाही. तिथे वेळ कुठल्या घड्याळाची, हे घरातल्या जुन्या माणसालाच विचारावं लागतं.