एक किलो स्फुरद आणि हिरवं सरोवर: एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिका-कॅनडा सीमेवरचं एरी सरोवर, त्याला मिळणारी मॉमी नदी आणि तिच्या पाणलोटातल्या शेतांतून वाहून येणारं स्फुरद (फॉस्फरस) यांवरच्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. खत एवढं महाग असताना शेतकरी ते नाल्यात कशाला सोडेल? शून्य मशागत (न नांगरता पेरणी) आली, शेताच्या काठाला गवती पट्टे लागले, तरी 2014 च्या ऑगस्टमध्ये शेवाळाच्या विषामुळे सरोवराकाठच्या टोलेडो शहराचं पिण्याचं पाणी बंद पडलंच की. तेव्हा हे सगळे उपाय म्हणजे अनुदानाचा देखावा. पहिले दोन प्रश्न रास्त आहेत. तिसरा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

आधी हिशोब बघा. हेक्टरी 10 टन मक्याच्या दाण्यातून 25-27 किलो स्फुरद शेताबाहेर जातं (मूलद्रव्य धरून, खताच्या गोणीवर लिहितात त्या P2O5 च्या आकड्यात मोजलं तर साठीच्या घरात). त्याच शेतातून पाण्यासोबत वर्षाला 1 किलो गेलं, तर ना पिकाला कळतं ना खिशाला. पण वर्षभरात 250 मिलिमीटर पाणी शेताबाहेर पडलं, म्हणजे हेक्टरी 25 लाख लिटर, तर त्या एका किलोमुळे दर लिटरला 0.4 मिलिग्रॅम स्फुरद होतं. सरोवरात 0.03 मिलिग्रॅमच्या आसपासच शेवाळ माजायला लागतं. शेतकरी उधळ्या नसतो, त्याचं नुकसान त्याला दिसण्याइतकं मोठंच नसतं. म्हणून खर्चाचा वाटा दुसऱ्या कुणीतरी उचलावा लागतो, आणि अनुदान येतं ते इथे.

आता दुसरा मुद्दा. स्फुरद दोन वाटांनी जातं: मातीच्या कणाला चिकटून आणि पाण्यात विरघळून. गवती पट्टा आणि शून्य मशागत पहिली वाट अडवतात. मॉमीत 1990 च्या दशकाच्या मध्यापासून वाढलं ते विरघळलेलं स्फुरद, आणि शेवाळाला तेच जवळपास सगळंच्या सगळं वापरता येतं. कारणं एकाहून जास्त आहेत. त्यातलं शेतातलं कारण असं: नांगरट थांबली, पण खत फोकून देणं चालूच राहिलं. त्यामुळे वरच्या 5 सेंटिमीटरच्या थरात स्फुरद साचत गेलं. त्यावर जोराचा पाऊस पडला की पाणी भेगांतून आणि गांडुळांच्या बिळांतून मीटरभर खाली पुरलेल्या, शेतातलं जास्तीचं पाणी काढणाऱ्या निचरा-पाइपात उतरतं आणि पट्ट्याच्या खालून थेट नाल्यात जातं. पट्ट्याचा त्या पाण्याशी संबंधच येत नाही.

म्हणून माती तपासायला देताना नेहमीच्या 20 सेंटिमीटरच्या नमुन्यासोबत वरच्या 5 सेंटिमीटरचा नमुना वेगळा द्या. ओहायो, इंडियाना, मिशिगन या राज्यांच्या 2020 च्या शिफारशीत मका-सोयाबीनसाठी मेहलिक-3 या माती-परीक्षणाच्या पद्धतीने मोजलेलं स्फुरद 20 ते 40 पीपीएम (दशलक्षात भाग) इतकं राखायचं आहे. 40 च्या वर असेल तर त्या वर्षी स्फुरद देऊच नका. द्यायचंच असेल तर 5-10 सेंटिमीटर खोल पेरून द्या, तेही वाफसा असताना. गोठलेल्या, बर्फाच्छादित किंवा पाण्याने तुडुंब जमिनीवर खत नुसतं वरून टाकायला ओहायोच्या या खोऱ्यात 2015 पासून बंदीच आहे. दाणेदार खत मातीत मिसळायचं नसेल, तर पुढच्या 12 तासांत इंचभरापेक्षा जास्त पावसाची शक्यता निम्म्याहून अधिक असतानाही ते टाकता येत नाही.

पट्टे निरुपयोगी नाहीत, पण त्यांच्यावरून पाणी पसरून वाहायला हवं. काठावर गाळ साचून बांध तयार होतो, मग पाणी एकाच खाचेतून सुसाट निघतं. तो गाळ खरवडून काढला नाही तर पट्टा नुसता शोभेला.

नत्राची गोष्ट निराळी. नायट्रेटला चिकणमाती धरून ठेवत नाही, ते निचऱ्याच्या पाण्यातून सरळ निघून जातं. त्यासाठी पाइपच्या तोंडाशी लाकडाच्या ढलप्यांनी भरलेला चर करतात. त्यात जिवाणू नायट्रेटचं नत्रवायूत रूपांतर करतात. ढलप्या साधारण बोटाच्या पेरापर्यंतच्या. भुसा नको, तो गच्च बसतो. पाणी आत किती तास थांबतं यावर सगळा खेळ आहे, म्हणून दोन्ही टोकांना फळ्या घालून पातळी बदलता येणारी पेटी बसवतात. पाणी घाईने गेलं तर नायट्रेट तसंच राहतं. फार रेंगाळलं तर नायट्रेट संपून जिवाणू पाण्यातल्या सल्फेटकडे वळतात आणि चराला सडक्या अंड्यांचा वास सुटतो. तसं झालं की एखादी फळी काढा. थंड पाण्यात जिवाणू सुस्तावतात, आणि वसंतातल्या पुरात बरंचसं पाणी चराला वळसा घालून जातं. आणि हा चर स्फुरदासाठी नाहीच, नव्या ढलप्यांतून सुरुवातीला उलट थोडं सुटतं.

'देखावा' म्हणता येईल अशी जागा आहे: वाट न तपासता, सर्वांना एकच उपाय वाटून किती हेक्टर झाले ते मोजणं. 2008 च्या तुलनेत वसंतातलं स्फुरद 40 टक्क्यांनी घटवायचं, हे अमेरिका-कॅनडाचं उद्दिष्ट. ते हेक्टरांत मोजताच येत नाही, पाण्यातच मोजावं लागतं. त्यासाठी निचरा-पाइपच्या तोंडाचा नमुना पावसाच्या लोंढ्यात घ्या, संथ वाहत्या पाण्यात नव्हे. जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून एक बाटली भरा, दुसरी न गाळता, दोन्ही बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवा. गाळलेल्या बाटलीचा आकडा एकूण आकड्याच्या जवळ आला, तर त्या शेताला पट्ट्याचा खर्च मागू नका, खत पेरणाऱ्या यंत्राचा मागा.