मे महिन्यात माणसं बसवणार कुठे?

आज संध्याकाळी भाच्याचा नवा फ्लॅट बघून आले. ठाण्यात, घोडबंदर रोड, कासारवडवलीच्या जरा पुढे, सतरावा मजला. परत येताना रिक्षात डोकं तडकलं, ते घरी येऊन अंघोळ केली तरी शांत होईना. म्हणून इथे लिहितेय.

फर्निचरचं काम संपत आलंय. जानेवारीत ताबा मिळाला तेव्हा हॉलला लागून बाल्कनी होती, बारा बाय पाचची. आम्ही बहिणी तिथे उभ्या होतो, समोर येऊरचे डोंगर, आणि वारा इतका की पदर सांभाळावे लागत होते. आज बघते तर बाल्कनी आत घेतलेली. मधला दरवाजा काढून, बाहेर कठड्यावर काच बसवून हॉल मोठा केलाय. काच सरकती, दोन पल्ल्यांची, म्हणजे कितीही उघडा, अर्धी बंदच राहणार. फॉल्स सीलिंग इतकं खाली आणलंय की पंखा डोक्याला लागेल, म्हणून पंखाच काढून टाकला. एक चौकोन झाकायचा राहिलाय, त्यातून स्लॅबमधला हूक दिसत होता. खाली इटालियन मार्बल. त्यावर लिंबू-कोकम सांडलं की चकाकी जाते आणि हळदीचा डाग निघता निघत नाही, म्हणून आत्तापासूनच प्लास्टिक अंथरलंय.

हे सगळं मी गिळलं असतं. पण भाचेसुनेला सहज विचारलं, "अक्षय्य तृतीयेच्या आत चैत्रगौरीचं हळदीकुंकू करशील ना गं नव्या घरात?"

"करू ना मावशी. क्लबहाउस बुक करू. इथे कुठे बसवणार एवढ्या बायकांना?"

वीस वर्षांचं कर्ज काढलंय पोरांनी. आणि स्वतःच्या घरात पंधरा बायकांना वाटीभर कैरीची डाळ आणि पेलाभर पन्हं द्यायला जागा नाही!

तिथे मी गप्प बसले. पण तेव्हापासून डोळ्यांसमोर आत्याचं अंगण आहे.

आत्या बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहायची. पाहिलं नसेल तर एकदा जाऊन या. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात आखलेली वसाहत, डोंगराच्या पायथ्याशी. सात घरं आणि मधोमध एक अंगण, जेमतेम 8 मीटर बाय 8 मीटर. अशा तीन अंगणांच्या मध्ये आणखी एक मोठं अंगण. आणि प्लॉट म्हणाल तर 45 ते 75 चौरस मीटरचे. म्हणजे बंगलेवाल्यांची ही चैन नव्हती. छोट्या घरांचीच वस्ती, पण माणसं एकत्र बसणार हे आधी धरून केलेली.

2009 चा मे महिना. आम्ही सगळे मिळून तेवीस जण आमरसाच्या जेवणाला जमलो होतो आणि पुऱ्या तळायला घेतल्या नि लाइट गेली. आतमध्ये नुसती भट्टी. आत्या म्हणाली, "चला, उचला सगळं, अंगणात." दोन सतरंज्या आमच्या, दोन शेजारच्यांच्या. म्हातारी माणसं पायऱ्यांवर, बाकीचे खाली. आंबे बादलीतल्या पाण्यात होते, काका तिथेच बसून एकेक पिळत होते. आणि हाच भाचा, तेव्हा बारा वर्षांचा, कोपरापर्यंत रस ओघळलेला, कोयींसाठी भांडत होता. नळाखाली हात धुतले आणि तिथेच सतरंजीवर झोपला. लाइट कधी आली ते कुणाला कळलंही नाही.

आता कोणी म्हणेल, तो काळ वेगळा, सतराव्या मजल्यावर अंगण कुठून आणायचं? अहो, बाल्कनी होती की! तेच त्याचं अंगण होतं.

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे काय ते ठाण्यातल्या माणसाला मी सांगायला नको. नागपूरला कोरडी हवा, तिथे कूलर लावला की भागतं. इथे हवेतच एवढं पाणी की कूलर लावला तर चिकचिक वाढते. इथे घाम सुकतो तो वारा अंगावरून गेला तरच. आणि वारा नुसता येऊन भागत नाही, त्याला समोरून बाहेर पडायला वाट लागते. बाल्कनीचा दरवाजा आणि स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर उघडी असली की घर आपोआप हलकं होतं. ती वाटच बुजवायची आणि मग दीड टनाचा एसी लावायचा. पंधरा माणसं आत, दार सारखं उघडतंय, गॅसवर पुऱ्या तळल्या जातायत. कुठला एसी पुरणार?

एसी नकोच असं माझं म्हणणं नाही. रात्री मलाही लागतो. धूळ येते, तेही मान्य, मेट्रोच्या कामाने घोडबंदरला काय धूळ आहे ते आज पुन्हा खाल्लं. कबुतरं आहेत, डास आहेत. जाळी लावा ना मग! जाळीतून वारा येतो, काचेतून येत नाही.

मला खरा राग याचा येतो की ही घरं बघायला येणाऱ्यांसाठी सजवली जातात, बसायला येणाऱ्यांसाठी नाही. एल आकाराचा ऑफव्हाइट सोफा, त्यावर सात जण अंग चोरून बसणार आणि आठवा उभा. बेसिन थेट बेडरूमच्या बाथरूममध्ये. आमरस खाल्लेल्या दहा पोरांना रसाच्या हातांनी बेडरूममधून नेणार का? भाच्याला हे विचारलं तर म्हणाला, "मावशी, वर्षातून एकदा तर येतात माणसं." अरे, येतील कशी रोज? तू बसायला जागाच ठेवली नाहीस.

माझं पाचपाखाडीतलं घर वन बीएचके, जुनी बिल्डिंग. बाल्कनीत कठड्याच्या उंचीखाली कडप्प्याचा बाक बांधून घेतलाय, चार जण बसतात आणि खालच्या पोकळीत सतरंज्या नि घडीच्या खुर्च्या जातात. पश्चिमेला बांबूची चिक, दुपारी चारला खाली सोडायची, सहाला गुंडाळायची. कोपऱ्यात तिवईवर माठ. बाल्कनीच्या छताला छोटा पंखा, त्याचं बटण आतून. हॉलच्या दाराजवळ हात धुवायचं बेसिन. फरशी साधी कोटा, सरबत सांडलं तर फडकं मारलं की झालं. सगळं मिळून त्या एका सोफ्याएवढाही खर्च आला नाही. मागच्या मेमध्ये अठरा जण जेवले, निम्मे जमिनीवर, पोरं बाल्कनीत.

आत्याला जाऊन चार वर्षं झाली. घर विकलं. नव्या मालकांनी पाडून दुमजली बांधलं. मागे एकदा बेलापूरला कामाला गेले होते तेव्हा मुद्दाम वाकडी वाट करून आत शिरले. घर ओळखू येईना. पण अंगण तसंच होतं. ते कुणा एकाचं नाही, म्हणून कुणाला आत घेता आलं नाही. एका पायरीवर कुणीतरी सुपात कैरीच्या फोडी मीठ लावून वाळत घातल्या होत्या. मी जरा वेळ उभी राहिले आणि निघाले.

आज निघताना भाचेसून लिफ्टपर्यंत आली नाही, म्हणून डोकावले तर ती त्या काचेच्या उघड्या अर्ध्या भागापाशी बसली होती. खाली, प्लास्टिकवर, पाय पसरून, तोंड बाहेर करून. दिवसभर सुतारांच्या मागे उभी होती बिचारी. चूक तिची नाही. तिला कोणी विचारलंच नसेल की तू दमून आलीस की कुठे बसशील.

आणि हे लिहितानाच तिचा मेसेज आला. "मावशी, काच आता निघणार नाही म्हणतायत. पण हॉलचा पंखा परत लावता येईल का?"

येईल. हूक अजून झाकलेला नाही. सुतार सकाळी नऊला येतो म्हणाली होती. मी साडेआठला पोचतेय.